अट तुमची होती, मॅडम

मॅडम, सगळ्यांनी उभं राहून तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली, आणि चहा यायच्या आत मी तुमच्या विरोधात बोलले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून स्वतःच लिहिते आहे.

तुमच्याबद्दल लोक आता फार गोड बोलायला लागलेत. पेपरात फोटो आला, खाली छापलंय, 'मनमिळाऊ स्वभावाच्या'. मनमिळाऊ! तुम्ही! स्टाफरूमबाहेर तुमची स्कूटी वाजली की पाय खुर्चीवरून खाली घेणारे लोक आम्ही. रडता रडता मला हसू फुटलं ते त्या एका शब्दानं. तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंत, भोरच्या आपल्या कॉलेजचा गुणवत्ता कक्ष चालवलात, दर मे महिन्यात वार्षिक आढावा घेतलात, हे सगळं शोकप्रस्तावात आलंय. ते मी परत लिहीत नाही. शोकप्रस्तावात जे आलं नाही ते असं, की तुमचं माझं एक भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही मध्येच उठून गेलात. असं तुम्ही कुणाला करू दिलं नसतं.

मी वेल्हे तालुक्यातल्या पासलीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. आपल्या कॉलेजचा वेल्ह्याचा वर्ग नसता तर मी चढलेच नसते. हायस्कूलच्या मागच्या दोन खोल्या, दहावीच्या पोरांनी कोरलेली बाकं, बी.ए.ची पहिली दोन वर्षं तिथं आणि तिसरं वर्ष भोरला. तुम्ही आठवड्यातून दोनदा यायचात. धुळीनं माखलेलं हेल्मेट टेबलावर ठेवून पहिलं वाक्य म्हणायचात, "कोण आलं नाही?" आलेल्यांकडे तुम्ही नंतर बघायचात. आम्हाला राग यायचा. पायपीट करून आलेल्या पोरींना कौतुकाचा शब्द नाही, आणि न आलेल्यांची चौकशी! पुढं तुमच्या हाताखाली काम करायला लागले तेव्हा कळलं, तुमचा सगळा धंदाच तो होता. जे आलं नाही, झालं नाही, राहून गेलं, तिथूनच तुम्ही सुरुवात करायचात.

तासिका तत्त्वावर मी कॉलेजात लागले त्याच महिन्यात तुम्ही मला गुणवत्ता कक्षात ओढलंत. मी म्हटलं, "मला त्यातलं काही येत नाही." तुम्ही म्हणालात, "तुला मराठी लिहिता येतं आणि तोंड आहे. तेवढं पुरे."

पहिल्याच बैठकीत तुम्ही मागच्या सगळ्या वर्षांचे अहवाल टेबलावर मांडलेत आणि प्रत्येकातलं एकच पान उघडायला लावलंत. प्रत्येक वर्षी शब्दाला शब्द तेच. 'वेल्हे वर्गाची पहिल्या सत्रातील उपस्थिती असमाधानकारक. विद्यार्थ्यांमध्ये अनुत्साह. उपाय : प्रेरणापर व्याख्यान आयोजित करण्यात येईल.'

"व्याख्यान झालं का?" तुम्ही विचारलंत.

"झालं की," हेडक्लार्क गायकवाड मामा म्हणाले. "दर साली होतं. नारळ, शाल, सगळं व्यवस्थित."

"उपस्थिती वाढली?"

"न्हाई."

"मग पुढच्या वर्षी काय केलं?"

"व्याख्यान."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. तुम्ही हसला नाहीत. "मामा, जुलैत वेल्ह्याची पोरं कुठं असतात?"

"आता कुठं असणार मॅडम? आवणीला. भात लावायचं सोडून कोण येतंय?"

"आणि तुम्ही कुठं असता जुलैत?"

"मी रजेवर."

"कशाला?"

"आवणीला."

मग मात्र सगळं टेबल हसलं. शिपायापासून उपप्राचार्यांपर्यंत निम्म्या लोकांची जुलैतली रजा आवणीचीच होती. कुणाचं खाचर उत्रोलीला, कुणाचं भाटघरला. घरी गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावायचं आणि कॉलेजात येऊन लिहायचं, 'विद्यार्थ्यांमध्ये अनुत्साह'. तुम्ही म्हणालात, "आपण सगळे भाताच्या घरचे, आणि आपल्या आराखड्यात भात कुठंच नाही." त्या वर्षी वेल्ह्याचं वेळापत्रक बदललं. आवणीच्या दिवसांतले तास दिवाळीच्या सुट्टीत आणि रविवारी घ्यायचे ठरले. 'घ्यायचे ठरले' असं मी लिहिलं तर तुम्ही कागद परत दिलात. "कोण घेणार? नाव लिही. 'करण्यात येईल' म्हणजे कुणीच करणार नाही." पुढच्या आढाव्यात तो अनुत्साह गायब होता. व्याख्यान देणारे साहेब तेवढे नाराज झाले.

तिथून तुमचे दोन नियम पडले. आढावा कॉलेजच्या हॉलमध्ये घ्यायचा नाही, दर वर्षी एका गावात घ्यायचा, पालक समोर बसवून. आणि बैठकीत जे झालं नाही ते आधी वाचायचं. झालेल्या गोष्टींची पाळी शेवटी, वेळ उरला तर. भाटघरच्या देवळात पहिली बैठक झाली तेव्हा प्राचार्यांना घाम फुटला होता. तुम्ही एकेक न झालेली गोष्ट वाचत होतात, आणि मागून एक आजोबा ओरडले, "बाई, आमी समजत व्हतो आमच्याच घरात कामं राहत्यात!" सगळं देऊळ हसलं. तुम्हीही हसलात, मी पाहिलंय. पेपरवाल्यांना तो फोटो मिळाला असता तर 'मनमिळाऊ' चाललं असतं.

आता भांडणावर येते.

पाच वर्षांचा आराखडा करायची वेळ आली तेव्हा संस्थेच्या मंडळाला वेल्ह्याचा वर्ग बंद करायचा होता. भोरला कॉम्प्युटरचा नवा कोर्स काढायचा, माणसं तिकडं लागणार, वेल्ह्यात पोरं थोडी, मग कशाला? मला वाटलं तुम्ही टेबलावर हात आपटाल. तुम्ही शांतपणे एक अट पुढं केलीत. वेल्ह्यात यंदा प्रवेश घेतलेल्यांपैकी निदान निम्म्यांनी तिसरं वर्ष पूर्ण केलं तर वर्ग राहील, नाही तर बंद. दर वर्षी आढाव्यात प्रगती वाचायची आणि तिसऱ्या आढाव्याला निकाल.

बाहेर आल्यावर स्कूटी काढताना मी तुम्हाला अडवलं. "भोरच्या वर्गाला अशी अट आहे का?"

"नाही."

"मग आम्हालाच का?"

"कारण त्यांना तो आज बंद करायचा होता, रेश्मा. आता तीन वर्षं बंद करता येणार नाही. अट नसलेली गोष्ट एका बैठकीत मोडते. अट घातली की मोडणाऱ्यालाही थांबावं लागतं."

"आणि अट पुरी झाली नाही तर?"

तुम्ही हेल्मेटचा पट्टा लावलात. "तर बंद झाला पाहिजे."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं. तुम्ही मनापासून म्हणाला होतात. तुमच्यासाठी ती काही युक्ती नव्हती, तुम्ही शब्दाला जागणार होतात. मी तुम्हाला त्या दिवशी मनात काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

तीन वर्षं मी त्या अटीखाली काढली. वेल्ह्याला तासाला जाताना गाडीत मुली मोजायचे. कुणी चार दिवस दिसली नाही की तिच्या घरी जायचे. पहिल्या वर्षीच्या आढाव्यात सगळं ठीक, दुसऱ्या वर्षीही ठीक. आणि यंदा एप्रिलमध्ये हिशेब केला तर दोन मुली कमी पडल्या. दोनच. दोघींनी तिसऱ्या वर्षाला भोरला नाव घातलं, थोडे दिवस आल्या, मग यायच्या बंद झाल्या. त्या आल्या असत्या तर अट पुरी होत होती.

तुम्ही तेव्हा दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आला होतात. खिडकीपाशी पलंग, पायावर गोधडी, आणि तब्येतीचं विचारलं तर लगेच चेहरा वाकडा. म्हणून मी विचारलंच नाही. सरळ म्हटलं, "मॅडम, अट चुकली."

"म्हणजे पुरी झाली नाही."

"पुरी झाली नाही हे खरंच. पण अटच चुकीची आहे. वेल्ह्यात आपण दोन वर्षं शिकवतो. मोजलं काय, तर तिसरं वर्ष. जे तिथं नाहीच ते."

तुमचा आवाज बसला होता पण धार तीच. "हे तुला तीन वर्षांपूर्वी दिसलं नाही, दोन मुली कमी पडल्यावर दिसलं?"

"व्हय. तेव्हाच दिसलं."

"हा आढावा आहे, रेश्मा. तुझं माहेर नाही."

मी उठले. तुमच्या यजमानांनी चहा आणला होता, तो कप तसाच राहिला. चपला घालताना तुमचा आवाज आला, "सिद्ध कर. गेलेल्या प्रत्येकीला विचार, कुठं आणि कशानं सुटलं. मग मी माझं वाक्य मागं घेते. सगळ्यांसमोर घेते."

मॅडम, तुमच्यासारखी बाई 'मागं घेते' म्हणाली होती. मी त्या एका शब्दावर रणरणत्या उन्हात सगळा तालुका फिरले.

भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस होते, डोंगराच्या कडेनं धूर. प्रत्येक घरी पाणी आणि प्रत्येक घरी तीच गोष्ट. सुरुवात आमच्या पासलीपासूनच केली. कोमलची आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "काकी, कोमलचं का सुटलं?"

"सुटलं न्हाई बाय, आमीच सोडलं. हितं वेल्ह्यात व्हतं तवर गेली, तिला कोण नको म्हणलं? पर भोरला जायचं म्हंजी वेल्ह्याला एक गाडी, नसरापूरला दुसरी, आन् सांजची चुकली तर पोरगी ष्ट्यांडावर. वरीसभर तिच्या बापाला झोप लागली नसती."

कोमल आतून आली. कंपनीचा निळा ड्रेस अंगावर, पाळीला निघायची घाई. मी तिलाच विचारलं, "आणि कंपनी लांब नाही का?"

"मॅडम, कंपनीची गाडी दारात न्यायला येती आन् दारात सोडती. कॉलेजची येती का?"

मी तो प्रश्न तसाच वहीत उतरवला. तुम्हीही तेच केलं असतंत.

जिथं गेले तिथं हेच. कुणाची सोयरीक झाली होती, पण तीही भोरचं जाणं बंद झाल्यावर. आधी नाही. एक मुलगा चालक म्हणून लागला, तोही तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी. वेल्ह्यात शिकताना सोडलेलं जवळजवळ कुणीच नव्हतं. सगळे एकाच ठिकाणी गळाले होते. वेल्हं संपून भोरचा रस्ता सुरू होतो, तिथं. आपण ती अट भोरमध्ये बसून लिहिली होती, मॅडम. भोरला राहणाऱ्या माणसाला भोर लांब वाटत नाही. आवणीच्या वेळी ज्या चुकीवर तुम्ही आम्हाला हसवलंत, तीच चूक इथं तुमच्या हातून झाली.

हे मी तुम्हाला सांगणार होते. गाडीत बसून मनात वाक्यं जुळवत होते, तुम्ही काय म्हणाल, मी काय म्हणेन. नसरापूरला गाडी बदलताना गायकवाड मामांचा फोन आला. तुम्हाला आदल्या रात्री पुण्याला हलवलं होतं. आणि आता मामा पुढचं बोलतच नव्हते.

नीरेच्या काठावर तुमच्या चितेपासून मी लांब उभी राहिले. मला तुमचा राग आला होता. खोटं कशाला लिहू? दुःख नंतर आलं, घरी, भात शिजायला ठेवताना. कुकरचं झाकण हातात धरून मी तिथंच बसले. सिद्ध झालं होतं आणि मागं घ्यायला माणूस नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तुमच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली, सगळे पांगल्यावर तुमच्या यजमानांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पुण्याला नेताना गाडीत विचारत होती, रेश्मा आली का? भांडायला यायची होती ती." मी म्हटलं, "येते म्हणाले होते."

आढाव्याची बैठक तुम्हीच ठरवून ठेवली होती, यंदा वेल्ह्यात, त्याच दोन खोल्यांपैकी मोठीत. ज्या वर्गाचं मरण-जगणं ठरायचं, त्याच वर्गात. तुमच्या जागी वाचायचं काम माझ्यावर आलं. आदल्या दिवशी प्रभारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही हो. त्यांचे डोळेही सुजलेले होते.

"रेश्मा, दोनच मुली आहेत," ते म्हणाले. "दोघींनी तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होता ना? मग प्रवेशावर मोज. 'पूर्ण केलं' कुठं बघतंय कोण? अट पुरी झाली असं वाच. वर्ग राहील. मॅडमही राहतील. मॅडम गेल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा वर्ग गेला, असं तुला वाचायचंय का?"

रात्रभर तो प्रश्न माझ्या उशाशी होता. इथं तुमच्याशी खरं बोलते : मला तसंच वाचायचं होतं. एक ओळ बदलायची आणि वर्ग वाचतो. तुमची चूक झाकली जाते, माझी सुटका होते, कुणाचं काही जात नाही. पण जात होतं. वर्ग राहिला असता आणि दर वर्षी तेवढ्याच मुली वेल्हं संपताच गळत राहिल्या असत्या, आणि आम्ही दर वर्षी लिहिलं असतं, अट पूर्ण. ते प्रेरणापर व्याख्यानच झालं असतं, फक्त तुमच्या नावानं. आणि खरं वाचलं असतं तर? वर्ग तिथल्या तिथं बंद. दोन्हीकडून मी तुमच्यावर चिडत होते. स्वतः निघून गेलात आणि ही बैठक माझ्या गळ्यात घालून गेलात.

शेवटी मी दोन्ही गोष्टी वाचायचं ठरवलं. अट पुरी झाली नाही हे, आणि ती चुकीची होती हेही.

हायस्कूलच्या बाकांवर मंडळाचे सदस्य गुडघे दुमडून कसेबसे बसले होते. मागं पालक, दारात मुली. शिक्षकाच्या खुर्चीवर तुमचा फोटो, त्याला हार. शोकप्रस्ताव झाला, आम्ही उभे राहिलो, बसलो. संस्थेचे अध्यक्ष आबा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "हं. वाच बाय. जे झालं न्हाई ते आदी. तिचाच नेम हाय."

मी वाचलं. "वेल्हे वर्गाची अट पूर्ण झाली नाही. दोन मुली कमी पडल्या."

प्रभारी प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"मंग झालं की," आबा म्हणाले. "अट न्हाई तर वर्ग न्हाई. मॅडमच ठरवून गेल्या."

"आबा, अट लिहिताना मॅडम चुकल्या."

मंडळातले एक ओरडले, "अगं, त्या फोटोकडं तरी बघ! माणूस जाऊन महिना झाला न्हाई." दुसऱ्यांनी म्हटलं, "त्यांनीच हिला नोकरीला लावली आणि बघा." मी फोटोकडं बघितलं, मॅडम. त्यात तुम्ही हसताय. तो फोटो कुणी निवडला कोण जाणे, मला त्याचा काही उपयोग नव्हता. मला तुमचा 'सिद्ध कर' वाला चेहरा हवा होता.

मी सांगायला लागले. वर्ग दोन वर्षांचा, मोजलं तिसरं वर्ष. वेल्ह्यात असेपर्यंत मुली टिकल्या. सुटल्या त्या भोरच्या रस्त्यावर. कुठल्या गावची कोण, कुठं सुटली, कुठल्या महिन्यात, एकेक सांगितलं. दारातल्या मुली माना हलवत होत्या. आबांनी हात वर केला.

"थांब. तू पासलीची ना? त्याच रस्त्यानं तू भोरला गेलीस, शिकलीस, आता हितं उभी राहून आमाला शिकीवतीस. तुला कसं जमलं?"

हा प्रश्न मला आयुष्यभर आवडत आलाय. त्याचं उत्तर मी नेहमी ताठ मानेनं दिलंय, जिद्द, कष्ट, आईबापांचा पाठिंबा. त्या दिवशी तसं देता येईना. मी म्हटलं, "आबा, मला उत्रोलीला मावशी होती. तिसरं वर्ष तिच्याकडं राहून केलं. मी काही जास्त हुशार नव्हते. सगळ्यांना उत्रोलीला मावशी नसते."

मागून कोमलचे वडील म्हणाले, "आमची हाय एक मावशी, पर ती पनवेलला. चालंल का?"

हशा झाला. कुणाचं तरी बाक करकरलं. मला तेवढा श्वास पुरला.

"म्हंजी काय करायचं म्हणतीस?" आबांनी विचारलं.

"तिसरं वर्षही वेल्ह्यात शिकवायचं."

"आँ? मोडायला आलेला वर्ग, आन् तू त्याला वरीस जोडून मागतीस?"

"व्हय."

तो 'व्हय' पासलीचा निघाला, कॉलेजातला नाही. आबा पुढं झुकले. "शिकवणार कोण? मॅडमच्या बैठकीत 'करण्यात येईल' चालत न्हाई."

"माझं नाव लिहा."

मग खिडक्यांकडं बघायची साथ आली. सगळ्या स्टाफला एकदम डोंगर दिसायला लागले. शेवटी इतिहासाचे सर म्हणाले, "माझं लिहा, पण आवणी सोडून." आणि कितीतरी वेळानं प्रभारी प्राचार्यांनी चष्मा परत डोळ्याला लावला. "शनिवारचा एक तास मी घेईन," ते म्हणाले. माझ्याकडं न बघताच म्हणाले. तरी मी त्यांची आभारी आहे. तसं तुमच्यासमोर कबूल करायला हरकत नाही.

आबांनी निकाल दिला. दोन विषयांचं तिसरं वर्ष वेल्ह्यात, एका वर्षासाठी करून बघायचं. विद्यापीठाच्या परवानगीचं मंडळ बघेल, ती आली नाही तर सगळं रद्द. "आन् एक. बिनअटीचं मी काय ठेवत न्हाई. ह्या खेपेला अट तू लिहायची. खाली नाव तुझं. पुढल्या साली चुकली तर तुझ्या फोटोला हार नसंल, तू हितंच बसलेली असशील. समजलं?"

समजलं. म्हणजे समजलं असं मला बैठकीत वाटलं. घरी आल्यावर कागद पुढं घेतला आणि पेन उचलेना. काय मोजायचं? किती मागायचं? कमी मागितलं तर मंडळ मानणार नाही. जास्त मागितलं तर पुढच्या मे महिन्यात मीच माझ्या हातानं वर्ग बंद केलेला असेन. या एका ओळीवर कुणाकुणाची पोरगी घरी बसेल, आणि त्या ओळीखाली माझं नाव. तीन वर्षांपूर्वी ती ओळ लिहिताना तुम्हीही अशाच बसला असाल, आणि बाहेर येऊन स्कूटीपाशी माझं तोंड ऐकलंत. तरी उलटून एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही चुकलात, मॅडम, यावर मी ठाम आहे. पण ती चुकीची अट नसती तर तीन वर्षांपूर्वीच वर्ग मोडला असता, आणि मला चूक सापडायला वर्गच उरला नसता. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, तो चहा पिता पिता.

अट अजून लिहून व्हायची आहे. त्याआधी काल पुन्हा पासलीला गेले. कोमल नुकतीच पाळीवरून आली होती, पायरीवर बसून पाय चोळत होती. मी सांगितलं, तिसरं वर्ष आता वेल्ह्यात होईल, परवानगी आली तर. तिनं आनंदानं उडी वगैरे मारली नाही. विचारलं, "तास कंदी?"

"सोमवार ते शनिवार."

"मग मला कसं जमंल? कंपनीला गुरुवारची सुट्टी असती." लगेच पुढं म्हणाली, "गुरुवारी जास्तीचे तास ठिवता का? बाकीचं मी घरी वाचीन."

आई आतून ओरडली, "अगं, तुझ्या एकटीसाठी कालेज गुरुवारी जादा बसनार व्हय?"

मॅडम, तुम्हीही हेच म्हणाला असता, अगदी याच सुरात. "एका मुलीवर आराखडा होत नसतो, रेश्मा." मला तुमचा आवाज तिथं पायरीवर स्पष्ट ऐकू आला. आणि पहिल्यांदाच तुम्हाला उलट उत्तर द्यायला मला दम खावा लागला नाही. होतो, मॅडम. आमच्या घरात एकीवरच झाला. मी कोमलला म्हटलं, "गुरुवारी किती वाजता येशील तेवढं सांग."